गायतोंडे कोणत्या दालनात आहेत? मुंबईतल्या संग्रहालयांना एका कलाशिक्षिकेचं खुलं पत्र

प्रति,
मुंबईत आधुनिक आणि समकालीन कलेची प्रदर्शनं भरवणाऱ्या संग्रहालयांचे माननीय विश्वस्त, संचालक आणि प्रदर्शनांची आखणी करणारी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी एका संग्रहालयाचं यंदाच्या हंगामाचं पत्रक हाती आलं. छपाई देखणी आहे. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत एकामागून एक प्रदर्शनं, बाहेरून येणारी मांडणीशिल्पं, व्हिडिओ, परिसंवाद, उद्घाटनाच्या संध्याकाळी निमंत्रितांसाठी वेगळी फेरी. शेवटच्या पानावर, तळाला, बारीक अक्षरांत एक ओळ आहे: हंगामाच्या काळात संग्रहालयाच्या स्वतःच्या संग्रहातलं आधुनिक चित्रांचं दालन बंद राहील. हे पत्र त्या ओळीमुळे लिहिते आहे. संग्रहालयाचं नाव मुद्दाम घेत नाही. एकाला बोल लावला की बाकीचे सुटतात, आणि तशी सुटका कुणाला मिळावी असं मला वाटत नाही.

मी अंबरनाथच्या एका अनुदानित शाळेत चित्रकला शिकवते. कलाशिक्षकाची ए. टी. डी. ही पदविका केली, मग ए. एम. (आर्ट मास्टर) केलं, आणि तेव्हापासून खडू, फळा आणि पोस्टर कलरच्या बाटल्या हेच माझं जग आहे. माझी मुलं शासकीय रेखाकला परीक्षांना बसतात, आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी आली की दहावीला ७ गुण वाढीव मिळतात, म्हणून पालकही आनंदाने फी भरतात. त्या परीक्षेत स्थिरचित्र असतं, स्मरणचित्र असतं, संकल्पचित्र असतं. चित्रकार वासुदेव गायतोंडे नसतात. शिल्पकार सदानंद बाकरे नसतात. ते मुलांना दाखवायचे तर शाळेच्या बाहेर पडावं लागतं, आणि बाहेर पडल्यावर तुमच्याशिवाय दुसरं दार नाही.

वर्गात मी पुस्तकातून आणि मोबाईलवरून चित्रं दाखवते. पण गायतोंडेंचं चित्र मोबाईलवर दाखवणं म्हणजे न दाखवणंच. रोलरने आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवत, काढत, पुन्हा चढवत त्यांनी जे साधलं, त्याचा तळहाताएवढ्या पडद्यावर एक पिवळा किंवा करडा आयत होतो. मुलं साहजिकच विचारतात, "बाई, हे खरं कुठे बघायला मिळेल?" हा माणूस १९२४ साली नागपुरात जन्मला आणि आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला. २०१३ मध्ये मुंबईतच झालेल्या लिलावात त्यांच्या एका चित्राला २३.७ कोटी रुपये आले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरवलं. न्यूयॉर्कच्या लोकांना ते दिसले, लिलावातल्या गिऱ्हाइकालाही दिसले. नववीतल्या मुलीला मी कोणत्या दालनाचा पत्ता देऊ?

माझी मुख्य तक्रार हीच आहे, आणि बाकीच्या तक्रारी तिच्याच पोटातून निघतात. तुमची संग्रहालयं हळूहळू हंगामी झाली आहेत. पाहुण्या प्रदर्शनांसाठी भिंती आहेत, स्वतःच्या संग्रहासाठी भांडार आहे.

१९४७ साली या शहरात प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा आधुनिक चित्रकारांचा गट उभा राहिला. गोव्याच्या साळगावचे सूझा, पंढरपूरला जन्मलेले आणि मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवणारे हुसेन, मध्य प्रांतातून आलेले रझा, विदर्भातले गाडे, एकेकाळी लोकांच्या गाड्या धुणारे आरा, आणि गटातले एकटे शिल्पकार बाकरे. १९४९ साली त्यांचं गटप्रदर्शन भरलं ते रॅम्पार्ट रोवर, म्हणजे आज तुम्ही वाइनचे ग्लास घेऊन उद्घाटनं करता तिथून हाकेच्या अंतरावर. तीन वर्षांनी, १९५२ मध्ये, जहांगीर आर्ट गॅलरी उघडली. पुढे १९९६ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबईतली शाखा सर कावसजी जहांगीर सभागृहात सुरू झाली. इतका सगळा इतिहास एका काळा घोड्याच्या परिसरात घडला. आता मला सांगा, या सहा माणसांची प्रत्येकी दोन कामं, सुट्टीचा वार सोडून वर्षातल्या कोणत्याही दिवशी गेलं तरी हमखास दिसतील, अशी भिंत कुठे आहे? सहलीची परवानगी मागताना मुख्याध्यापक मला "काय दाखवणार?" असं विचारतात. "गेल्यावर कळेल" या उत्तरावर बसचे पैसे मंजूर होत नाहीत.

जे चांगलं चाललं आहे तेही सांगते. कापसाचे व्यापारी जहांगीर निकल्सन यांनी आयुष्यभर चित्रं जमवली. त्यांचा संग्रह २०११ पासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात विषयवार, आलटून पालटून मांडला जातो. मुंबईवर हे उपकारच आहेत. पण तिथेही आपल्याला हवं ते चित्र त्या महिन्यात लागलेलं असेलच असं नाही, आणि त्याचा दोष एका दालनाला देता येणार नाही. एका दालनाने अख्ख्या शहराची भूक किती भागवावी? होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी इमारतीच्या खर्चातला एक टक्का बाजूला काढून चित्रं घेतली. ती आजही कुलाब्याच्या टोकाला आहेत, पण संस्था संशोधनाची आहे, ऊठसूट कुणी आत जाऊ शकत नाही. एअर इंडियाने १९५०च्या दशकापासून चित्रं विकत घेतली, चित्रकार बी. प्रभा प्रसिद्धीला यायच्या आधी त्यांची घेतली. कंपनी खासगी झाली तेव्हा तो संग्रह राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपवायचं ठरलं. नरिमन पॉइंटच्या इमारतीत वर्षानुवर्षं असलेल्या त्या चित्रांपैकी किती मुंबईकरांच्या नजरेस पडणार, हा प्रश्न तुमच्यापैकी कुणी जाहीरपणे विचारलेला माझ्या तरी कानावर आलेला नाही.

यावरची तुमची उत्तरं मी बैठकांमधून ऐकली आहेत. जागा कमी आहे. विमा महाग आहे. चित्रांना विश्रांती लागते. शेवटचं कारण अर्धं खरं आहे. जलरंग आणि कागदावरची कामं उजेडाने उतरतात, त्यांना अधूनमधून काळोखात ठेवावंच लागतं, हे मीही शिकवते. कॅनव्हासवरच्या तैलरंगाचं आणि ब्राँझच्या मूर्तीचं तसं नाही. बाकरेंच्या शिल्पाला कसली आली आहे विश्रांती? खरं कारण मला वेगळं दिसतं. नव्या प्रदर्शनाला उद्घाटन असतं, उद्घाटनाला पाहुणे असतात, पाहुण्यांमागून बातमी येते आणि फलकावर प्रायोजकाचं नाव लागतं. जी भिंत बारा महिने तशीच असते तिचं उद्घाटन दरवर्षी करता येत नाही. म्हणून तिच्यासाठी पैसा मागायला कुणी जात नाही.

तुम्हाला औंध माहीत असेलच. सातारा जिल्ह्यातलं एवढंसं संस्थान. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आपल्याला सूर्यनमस्कारांमुळे ठाऊक, पण ते स्वतः चित्रकार होते. १९३८ मध्ये त्यांनी यमाईच्या डोंगरावर संग्रहालय बांधलं. तिथे राजा रविवर्मा आहेत, चित्रकार धुरंधर आहेत आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचं माता आणि बालकाचं शिल्पही आहे. हेन्री मूर, औंधला! देवीला आलेला शेतकरी जाता जाता ते बघून येतो. त्यासाठी त्याला कुठल्या हंगामाची वाट पाहावी लागत नाही. त्या संस्थानाच्या तिजोरीपेक्षा तुमची प्रायोजकांची यादी नक्कीच मोठी आहे.

दुसरी तक्रार भाषेची. हे वाचून काहींच्या कपाळावर आठी पडेल, 'आला मराठीचा मुद्दा' म्हणून. पडू दे. धुरंधरांनी जे. जे.तल्या आपल्या एकेचाळीस वर्षांच्या आठवणी मराठीत लिहिल्या. त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर यांनीही आपल्या आठवणी मराठीतच लिहिल्या. प्रभाकर बरवे, अलिबागजवळच्या नागावचे, विणकर सेवा केंद्रात नोकरी करत आपली वेगळी चित्रभाषा घडवणारे, त्यांनी अवकाश म्हणजे काय, वस्तू आणि तिचा आकार यांचं नातं काय, याचा विचार मराठीत मांडला, आणि असा मांडला की माझ्यासारख्या शाळामास्तरणीलाही तो कळावा. ही माणसं भिंतीवर येतात तेव्हा त्यांच्याबद्दलचा मजकूर मात्र इंग्रजीत असतो, तोही असा की इंग्रजी माध्यमातलं मूलसुद्धा दोन ओळींनंतर पुढच्या चित्राकडे सरकतं. कुठे मराठी असलीच तर ती गुडघ्याच्या उंचीवर, फिकट राखाडी अक्षरांत, आणि इतकी ओढूनताणून केलेली की ती लिहिणाऱ्याने स्वतः एकदा मोठ्याने वाचली असती तर फाडून टाकली असती. मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा २०२४ च्या ऑक्टोबरात तुमच्यापैकी अनेकांनी अभिनंदनाचे फलक लावले. फलक लावायला छपाईचा खर्च आला असेलच. तेवढ्या खर्चात एका प्रदर्शनाची लेबलं झाली असती.

आता मुलांना घेऊन आल्यावर काय होतं ते ऐका. एका संग्रहालयात माझ्या मुलांच्या हातातल्या वह्या दारातच काढून घेतल्या. पेन नव्हतं, फक्त पेन्सिली होत्या. सुरक्षारक्षक म्हणाला, "मोबाईलने फोटो काढा, चित्र काढायचं नाही." मी कार्यालयात जाऊन विचारलं, तिथेही नियम आहे एवढंच उत्तर मिळालं. नियमाचं कारण मात्र कुणाला सांगता आलं नाही. मुलं जमिनीवर बसली तर उठवलं. मोठ्याने बोलली तर गप्प केलं. शेवटी ती मुलं रांगेत चालत बाहेर पडली आणि समोरच्या फुटपाथवर बसून गेटचं चित्र काढू लागली. रक्षकावर माझा राग नाही. बारा तास उभं राहणाऱ्या त्या माणसाला चित्रं कशी बघतात हे कुणी सांगितलेलं नसतं. कंत्राटदाराने त्याला फक्त 'हात लावू देऊ नका' एवढंच शिकवलेलं असतं. पण जगभरात चित्रकार संग्रहालयात बसून नक्कल करत करतच शिकले, आणि जे. जे.च्या कितीतरी पिढ्या शहरातल्या वस्तुसंग्रहालयात मूर्तींची रेखाटनं करत घडल्या. हे तुम्हाला मी सांगावं, यातच सगळं आलं.

वेळापत्रकाबद्दल फार लिहीत नाही. हंगाम कला मेळ्याच्या आणि गॅलऱ्यांच्या दिनदर्शिकेशी जुळवलेला असतो, कारण त्या दिवसांत बाहेरगावचे संग्राहक शहरात असतात. शाळांची सहल निघते ती डिसेंबरात, स्नेहसंमेलनाच्या गडबडीत. मुलांना खरा मोकळा वेळ मिळतो तो मे महिन्यात, आणि मे महिन्यात तुमच्या दालनांना दोरी बांधून 'मांडणी सुरू आहे' अशी पाटी लावलेली असते. कर्जत-कसाऱ्याकडून नोकरीला येणारा माणूस सहाला कार्यालयातून सुटतो, तेव्हा तुमची दारं बंद झालेली असतात.

आणखी एक गोष्ट आहे, जी कलाशिक्षिकेने बोलू नये असं मला मैत्रिणींनी सांगितलं. संग्रहालयात लागलेल्या चित्राचा बाजारात भाव चढतो. हे गुपित नाही, आणि त्यात गैर काही असेलच असंही नाही. पण मग प्रदर्शनातली चित्रं कुणाकडून आली आहेत हे भिंतीवर स्पष्ट का नसतं? 'खासगी संग्रह' एवढंच असतं. तो संग्राहक विश्वस्त मंडळावर आहे का? ज्या गॅलरीने प्रदर्शनाचा खर्च उचलला तीच त्या कलाकाराची विक्री करते का? सार्वजनिक जागेत, अनेकदा सार्वजनिक पैशावर चाललेल्या इमारतीत, हे विचारायचा लोकांना हक्क आहे.

निवड कोण करतं, हा प्रश्नही त्याच्याच जोडीचा. ८ फेब्रुवारी २०१९ रोजी बरवेंच्याच प्रदर्शनाच्या उद्घाटनात, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, अमोल पालेकर यांनी स्थानिक कलाकारांच्या सल्लागार समित्या मोडीत काढल्याबद्दल बोलायला सुरुवात केली आणि त्यांना मध्येच अडवलं गेलं. विषयावर बोला, असं सांगितलं गेलं. मुंबईत काय दाखवायचं ते मुंबईतल्या चित्रकारांना विचारून ठरावं, यापेक्षा त्या संध्याकाळचा दुसरा कोणता विषय असायला हवा होता? प्रकरण चार दिवस वर्तमानपत्रांत गाजलं आणि विरलं. त्यानंतर तुमच्यापैकी किती जणांनी आपल्या निवड समितीची नावं जाहीर केली?

हे सगळं वाचून ही बाई जुन्याला कवटाळणारी आहे असं कुणाला वाटेल. तसं नाही. समकालीन कला मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर कळते, हा माझा अनुभव आहे. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जुन्या काचेच्या कपाटांमध्ये आजच्या कलाकारांची कामं ठेवायचा जो प्रघात पडला, सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट, अतुल दोडिया यांनी तिथे जे केलं, ते मला फार मोलाचं वाटतं. २०१९ च्या अखेरीस सुधीर पटवर्धन यांचं सिंहावलोकन राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरलं. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करता करता ज्यांनी लोकल, पूल, चाळी आणि त्यातली माणसं रंगवली, त्यांच्या चित्रांसमोर माझ्या मुलांना काहीच समजावून सांगावं लागलं नाही. एक मुलगा 'लोअर परळ' समोर बराच वेळ उभा होता. त्याचे आजोबा गिरणीत होते.

म्हणून तर राग येतो. ज्या कलाकारांची कामं माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरांबद्दल बोलतात ते परदेशात पोचलेत. अमोल के. पाटील यांचे आजोबा पोवाडे रचत, वडील कामगार रंगभूमीवर नाटकं करत. त्यांचं काम २०२२ मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनात आणि पुढच्या वर्षी लंडनच्या हेवर्ड गॅलरीत लागलं. विक्रांत भिसे विक्रोळीत वाढले, आंबेडकरी चळवळ रंगवतात. नागपूरचे सवी सावरकर अस्पृश्यतेवर कित्येक वर्षं काम करत आले आहेत. तुमच्या हंगामात अशी नावं येतात तेव्हा ती बहुधा गटप्रदर्शनातल्या एका कोपऱ्यात येतात. मुख्य दालन बाहेरून मान्यता घेऊन आलेल्यासाठी राखून ठेवलेलं असतं. आणि ती मान्यता लंडनहून आली असेल तरच ती मान्यता!

मागण्या साध्या आहेत.

प्रत्येक संग्रहालयाने एक दालन, छोटं असलं तरी चालेल, आपल्या संग्रहातल्या आधुनिक कामांसाठी बारा महिने उघडं ठेवावं आणि कोणत्याही हंगामासाठी ते बंद करू नये. त्या दालनात आज काय लागलं आहे याची यादी संकेतस्थळावर असावी, म्हणजे शिक्षक निघण्यापूर्वी पाहू शकेल. भांडारात काय आहे याचीही यादी जाहीर करावी. ज्याला आपण लोकांचा ठेवा म्हणतो तो लोकांना निदान नावाने तरी माहीत असावा.

भिंतीवरचा मजकूर मराठीत, इंग्रजीइतक्याच आकारात आणि तितक्याच उंचीवर असावा, आणि तो मराठीत लिहिणाऱ्या माणसाकडून लिहून घ्यावा. चित्रकलेवर चांगलं मराठी लिहिणारे लोक आहेत. त्यांना मानधन द्या, ते येतील.

पेन्सिल आणि वही घेऊन आलेल्या कुणालाही अडवू नये. रक्षकांना निदान एका दिवसाचं प्रशिक्षण द्यावं, त्यांना दालनातून फिरवून आणावं. आठवड्यातून एक संध्याकाळ रात्री आठपर्यंत उघडं ठेवावं, आणि मे महिन्यात मांडणी नको, प्रदर्शन हवं.

चित्र कुणाच्या मालकीचं, प्रदर्शनाचा खर्च कुणी केला आणि ते निवडलं कुणी, ही तिन्ही माहिती प्रवेशद्वारापाशी लावावी. निवड समितीत मुंबईतले काम करणारे चित्रकार असावेत, आणि एक तरी शाळेत शिकवणारा माणूस असावा. मी त्या जागेसाठी इच्छुक नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या ठाणे जिल्ह्यात माझ्यापेक्षा जाणते शिक्षक आहेत.

ज्या पत्रकामुळे हे पत्र लिहिलं त्या संग्रहालयाला एक वेगळी विनंती. बंद केलेलं दालन या हंगामातच उघडा. सगळं नाही जमलं तर एक भिंत उघडा. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या नववीची सहल ठरते आहे. दालन उघडं असेल की नाही एवढं डिसेंबर संपायच्या आत कळवलंत तरी मुख्याध्यापकांपुढे कागद ठेवता येईल. उत्तर पोस्टकार्डावर आलं तरी चालेल, फक्त मराठीत असू द्या, कारण ते मी वर्गात वाचून दाखवणार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक कलाशिक्षिका
अंबरनाथ